बिऱ्हाड ते ब्लॉक : पार्ल्याची एक गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कुठे राहता?’ असे विचारले की पार्लेकर माणूस ‘मुंबईत’ असे मोघम उत्तर देत नाही. तो ‘पार्ल्यात’ म्हणतो आणि कोणी न विचारताच ‘ईस्टला’ अशी पुस्तीही जोडतो. मीही त्यातलीच. आमच्या घराला आता साठ वर्षे होतील. सोसायटीच्या पुनर्विकासाची कागदपत्रे सहीसाठी माझ्यासमोर आली, तेव्हा कपाटातली जुनी फाइल बाहेर काढली. त्या फाइलमधला एकेक कागद वाचताना वाटले, ही काही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. मुंबईतला मराठी मध्यमवर्गीय माणूस भाडेकरूचा मालक कसा झाला, आणि त्या मालकीत कोणाचे नाव राहून गेले, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतून माणसे पटापट मेली. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. मोकळ्या हवेत राहावे, ही कल्पना शहरी माणसाच्या मनात तेव्हा रुजली. पार्ले त्याच्याही पलीकडे, साष्टीत. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत पार्ले आले ते तर थेट १९५० साली. म्हणजे आज ज्याला आपण ‘मुंबईतले जुने उपनगर’ म्हणतो, ते आमच्या आजोबांच्या दृष्टीने मुंबईबाहेरचे गाव होते.

पण या गावात एक गोष्ट निराळी घडली, आणि पुढचे सगळे तिच्यामुळे घडले असे मला वाटते. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यानंतर वर्षभराच्या आत, जून १९२१ मध्ये, पार्ल्यात त्यांच्या नावाने शाळा निघाली : पार्ले टिळक विद्यालय. मार्च १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. विजेवरची लोकल कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत धावू लागली ती जानेवारी १९२८ मध्ये. पुढच्याच वर्षी ज्या बिस्किटांच्या कारखान्याने पार्ल्याचे नाव देशभर नेले, तो सुरू झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला मोठी छावणी होती. हा क्रम पाहा. आधी शाळा, मग सेवा संघ, मग विजेची गाडी. इमारतींची गर्दी त्यानंतरची. आजकाल आधी टॉवर उभे राहतात आणि मग राहायला आलेली माणसे शाळा शोधत हिंडतात. पार्ल्यात नेमके उलटे झाले.

‘मुलाबाळांनी राहण्यासारखी वस्ती’ असे आपण म्हणतो, तेव्हा काय म्हणतो? शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वाचनालय आहे. संध्याकाळी व्याख्यान असते. मूल रस्त्यात पडले तर उचलणारा माणूस त्याच्या वडिलांना ओळखतो. पु. ल. देशपांडे याच वस्तीत वाढले, याच शाळेत शिकले. असे वातावरण काही कोणा बिल्डरने विटांबरोबर आणलेले नसते. वर्गणीच्या पावत्या फाडत फिरणाऱ्या, कचेरी सुटल्यावर संस्थेचे हिशेब लिहिणाऱ्या माणसांनी ते फुकट तयार केले.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, असेच एक कारकून. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. अण्णा, आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ. भाडे अगदी किरकोळ होते. त्याचे कारण १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. मुंबईतली भाडी त्याने मोठ्या प्रमाणावर १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूला मोठाच आधार झाला. पण त्याची दुसरी बाजूही होती. भाड्यात काही सुटत नाही म्हटल्यावर नवी चाळ बांधणार कोण? मालकांनी दुरुस्ती सोडली. खोली हवी असेल तर पागडी द्या, हा व्यवहार कायद्याने गुन्हा असूनही सर्रास चालू लागला. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली आणि १९९९ च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली. तोवर अर्धे शतक उलटले होते.

भाड्याची घरे बांधणे थांबले, तेव्हा मुंबईने नवी वाट काढली. तिचे नाव ‘ओनरशिपचा ब्लॉक’. सहकारी गृहनिर्माणाची कल्पना मुंबईला नवी नव्हती; गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची. पण आता बिल्डर जमीन घ्यायचा, मजले चढवायचा आणि एकेक ब्लॉक विकायचा. पैसे घेऊन पसार होणारेही निघाले. म्हणून १९६३ साली महाराष्ट्राने ओनरशिप फ्लॅट्‌सचा कायदा केला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, रहिवाशांची सोसायटी स्थापन करायची आणि जमीन-इमारत तिच्या नावे करून द्यायची, असे बंधन आले.

अण्णांनी १९६६ साली पार्ल्यात ब्लॉक घेतला तो या कायद्याच्या भरवशावर. किंमत साडेसतरा हजार. गृहकर्ज देणारी एचडीएफसी निघाली १९७७ साली, त्यामुळे नोकरदाराने कर्ज मागायचे कोणाकडे? प्रॉव्हिडंट फंडातून काही काढले, काही पतपेढीतून उचलले. तरी कमी पडले तेव्हा आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मी सातवीत होते. रविवारी आम्ही अर्धवट इमारत पाहायला जायचो. आई विटांवरून तोल सांभाळत चालायची आणि म्हणायची, ‘इथे ओटा. इथून पूर्वेचं ऊन येईल.’ अण्णा आपले टेप घेऊन मोजमापे करायचे.

त्या फाइलमधला पहिला कागद म्हणजे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट. पन्नास रुपयांचे पाच शेअर. त्यावर एकच नाव आहे, अण्णांचे. आईचे नाव घालू नये असे कोणी ठरवले नव्हते. घालावे असे कोणाच्या मनातच आले नाही, आईच्यासुद्धा.

१९९१ साली अण्णा गेले. नॉमिनेशनचा फॉर्म भरायचा राहून गेला होता. मग वारसांची संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, असे सगळे सोपस्कार आले. ‘सदर सदनिकेवर कोणाचा हक्क वा हरकत असल्यास कळवावी.’ आईने ती नोटीस चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारले, ‘हरकत कोण घेणार गं? इथे तर मीच राहते.’ सेक्रेटरींनी सज्जनपणे सुचवले, ‘तुम्ही हक्कसोडपत्र करून द्या, भावाच्या नावावर करू, सोपं पडेल.’ बहिणीने सही करून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची रीतच. त्या दिवशी आई पहिल्यांदा ठामपणे बोलली. ‘आधी माझ्या नावावर करा. मग पुढचं पुढे.’ तसे झाले. पाटल्या दिल्याला तोवर पंचवीस वर्षे झाली होती.

दुसरा कागद मात्र त्या फाइलमध्ये कितीतरी वर्षे नव्हताच. तो म्हणजे जमिनीचे अभिहस्तांतरण. बिल्डरने कायद्याप्रमाणे ते करून द्यायला हवे होते. त्याने दिले नाही आणि आम्हीही नेट लावला नाही. भिंती आमच्या, खालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर! मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांची हीच कथा. अखेर २००८ साली कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झाली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आम्ही केला. आई २००९ साली गेली. जमिनीचा कागद पाहायला ती राहिली नाही.

आता इमारत थकली आहे. सळया फुगल्या आहेत, गॅलरीचा गिलावा पडतो. पार्ल्यात पुनर्विकासही सोपा नाही. डोक्यावरून विमाने जातात, त्यामुळे उंचीवर मर्यादा. २०१९ च्या सरकारी निर्देशांप्रमाणे सर्वसाधारण सभेत एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरणही होते. रेरा कायद्याने फ्लॅट घेणाऱ्यांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन बिल्डरवर आले. अण्णांच्या वेळेपेक्षा संरक्षण खूप जास्त आहे. तरी कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी साठ वर्षांच्या फाइलवरून सांगते.

पण खरा सल दुसराच आहे. माझी भाची शिक्षिका आहे. पार्ल्यात शिकवते आणि रोज नालासोपाऱ्याहून लोकलने येते. तिच्या पगारात पार्ल्यात घर घेणे शक्य नाही. ज्या शाळांमुळे, ज्या संस्थांमुळे इथल्या जागेला भाव आला, त्या चालवणाऱ्या माणसालाच आता इथे जागा नाही. बिस्किटांचा कारखानाही २०१६ साली बंद पडला. स्टेशनवर उतरताच येणारा तो गोड वास गेला. वासाचे जाऊ द्या. पण शिक्षक, कारकून, वाचनालयाचे हिशेब लिहिणारा माणूस असे सगळेच गेले तर उरेल तो नुसता पत्ता.

गेल्या रविवारी भाऊ आणि मी बसून ठरवले. नव्या घराच्या करारात आम्हा दोघांबरोबर भाचीचे नाव घालायचे. वकिलांनी विचारले, ‘आत्ताच कशाला? पुढे करता येईल.’ मी म्हटले, पुढे करता येईल म्हणूनच आमच्या आईचे नाव पंचवीस वर्षे राहून गेले होते.