मधपेटीतली पाकाची वाटी

मधमाशीला खाऊ घालायचे, ही गोष्ट आपल्या डोंगरातल्या मध काढणाऱ्याच्या खिजगणतीत नव्हती. धूर करायचा, पोळे कापायचे, अंडी-अळ्यांसकट पिळायचे. मागे राहिलेल्या माश्या जगल्या की मेल्या, कोण विचारतो? खाऊ घालावे लागते ते पाळणाऱ्याला. रोमन लोक मधमाश्या पाळत, म्हणून पहिल्या शतकातला शेतीलेखक कोलुमेला उपासाच्या दिवसांसाठी कुटलेले अंजीर आणि द्राक्षांचा गोड रस सुचवतो. रसात लोकर भिजवून ठेवा म्हणतो, म्हणजे माशी वर उभी राहून चोखेल, बुडणार नाही.

आपल्याकडे हा खटाटोप पेटीबरोबर आला. लँगस्ट्रॉथने १८५१ साली अमेरिकेत सुट्या चौकटींची पेटी बसवली आणि पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात आपल्या सातेरी माशीच्या मापाची लहान पेटी रुळवली. महाबळेश्वरला १९४६ पासून ग्रामोद्योग म्हणून मधपाळी सुरू झाली. १९५७ साली खादी ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. त्याचे मुख्यालय विलेपार्ल्यात, इर्ल्याला आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना तिथल्या कामात मधमाशीही असते हे ठाऊक असेल, कोण जाणे.

युरोपात अन्नाची चणचण हिवाळ्यात, आपल्याकडे पावसाळ्यात. झड लागली की माशीला बाहेर पडता येत नाही आणि फुलांतला मकरंद धुऊन जातो. त्यात सातेरीचा स्वभाव असा की उपाशी राहून मरण्याआधी ती अख्खी वसाहत घेऊन उठून जाते. म्हणजे आपल्याकडे पाकाची वाटी माशी जगवायला जितकी, तितकीच तिला घरात टिकवायला.

पाक साधाच. पाणी उकळून उतरवायचे आणि तितकीच साखर विरघळवायची. साठ्यासाठी हवा तर साखर दुप्पट. गूळ मात्र नको. आपल्याला तो साखरेहून गुणाचा वाटतो, पण त्यातले क्षार माशीला पचत नाहीत, तिला हगवण लागते. वाटी संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवायची, नाहीतर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. वर काड्या तरंगत ठेवायच्या. कोलुमेलाच्या लोकरीचेच काम.

साखरेने कामकरी माशीचे पोट भरते, अळी पोसत नाही. तिला परागातली प्रथिने लागतात. त्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात मिकोला हायडॅक यांनी गेल्या शतकात सोयाबीनचे पीठ वापरून पाहिले. गोराईच्या वाडीत पेटी ठेवणाऱ्याला त्याची गरज कमी, कारण नारळ बारा महिने पराग देतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कारवीवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. ती २०१६ साली फुलली, नंतर थेट २०२४ साली.

फुलोरा सुरू झाला की वाटी काढून घ्यायची. राहिली, तर माश्या पाकही चौकटीत भरून ठेवतात आणि तोच मध म्हणून बाटलीत जातो.