समापनाला नकार : ‘कॅज्युअल्टी’चे पहिले पर्व (१९८६)

१

दूरचित्रवाणी मालिकेला साहित्यप्रकाराचा दर्जा द्यावा की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश समाजाने स्वतःविषयीच्या कथा मोठ्या प्रमाणावर याच माध्यमातून सांगितल्या व ऐकल्या. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीचे स्वरूप ‘प्रवाह’ या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट केले. कार्यक्रम सुटा नसतो, आधीच्या आणि नंतरच्या कार्यक्रमांत तो मिसळलेला असतो, आणि प्रेक्षक त्या अखंड प्रवाहाचाच अनुभव घेतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. ही मांडणी माध्यमाचे स्वरूप उलगडते. परंतु तिच्यात एक अडचणही आहे. प्रवाहाकडे लक्ष केंद्रित झाले की विशिष्ट क्षणी निर्माण झालेली विशिष्ट संहिता दृष्टीआड होते. दशकानुदशके चालणाऱ्या मालिकांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. त्यांचे दीर्घायुष्य हेच त्यांचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते आणि त्यांच्या आरंभीचा आशय त्या दीर्घायुष्याखाली दबून जातो.

बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवरील ‘कॅज्युअल्टी’ ही रुग्णालयीन मालिका या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. शनिवार, ६ सप्टेंबर १९८६ रोजी तिचा पहिला भाग प्रक्षेपित झाला, आणि १५ भागांचे पहिले पर्व २७ डिसेंबर १९८६ रोजी संपले. पुढे ती शनिवारच्या संध्याकाळची घरगुती सवय बनली. या सवयीमुळे तिच्या पहिल्या पर्वाचे स्वरूप विसरले गेले. ते पर्व मुळात एक राजकीय कैफियत होती. ती कैफियत कोणत्या कथनरूपातून मांडली गेली आणि त्याच रूपाने तिची धार कशी बोथट केली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. ॲटली यांच्या मंत्रिमंडळातील आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन हे तिचे शिल्पकार. उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, खर्च मुख्यतः करांतून भागवायचा, हे तिचे मूलतत्त्व होते. या तत्त्वाला पहिला तडा लवकरच गेला. १९५१ साली कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावण्याचा निर्णय झाला, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तरीही पुढील तीन दशके या सेवेविषयी एक व्यापक राजकीय सहमती टिकून राहिली.

मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीत या सहमतीला हादरे बसू लागले. १९८२ साली आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांचा वेतनासाठीचा लढा दीर्घकाळ चालला. १९८३ साली रुग्णालयातील सफाई, धुलाई आणि भोजन या कामांसाठी निविदा मागवण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी सेन्सबरी या दुकानसाखळीचे रॉय ग्रिफिथ्स यांचा अहवाल आला. रुग्णालयाच्या कारभाराची जबाबदारी व्यावसायिक व्यवस्थापकांवर सोपवावी, अशी त्याची शिफारस होती. डॉक्टर, मेट्रन आणि प्रशासक यांच्या सहमतीने चालणाऱ्या कारभारात ‘व्यवस्थापक’ ही नवी व्यक्तिरेखा अवतरली. कथात्म साहित्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे, कारण तिने रुग्णालयकथेला नवा प्रतिनायक मिळवून दिला.

जेरेमी ब्रॉक आणि पॉल अन्विन या दोन तरुण लेखकांनी बीबीसीपुढे ठेवलेला प्रस्ताव याच वातावरणातला आहे. १९४८ साली आरोग्यसेवेच्या रूपाने एक स्वप्न जन्मले आणि १९८५ साली त्याच्या चिंध्या झाल्या आहेत, अशा आशयाच्या विधानाने त्या प्रस्तावाची सुरुवात होती. रुग्णालयीन मालिकेच्या परंपरेत असा आरंभ अपूर्व होता. ‘इमर्जन्सी वॉर्ड टेन’ (१९५७–६७) किंवा ‘डॉ. फिनलेज केसबुक’ (१९६२–७१) या मालिकांत संस्था ही स्थिर पार्श्वभूमी होती आणि नाट्य व्यक्तींचे होते. ब्रॉक-अन्विन यांच्या कल्पनेत संस्था हीच रुग्णशय्येवर होती.

हा प्रस्ताव ज्या प्रक्षेपण संस्थेने स्वीकारला, तीही त्या वेळी निर्धास्त नव्हती. परवाना-शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीच्या अर्थव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या पीकॉक समितीचा अहवाल जुलै १९८६ मध्ये आला. हुजूर पक्षाचे अध्यक्ष नॉर्मन टेबिट यांनी लीबियावरील बॉम्बहल्ल्याच्या वार्तांकनाबद्दल बीबीसीला त्याच शरद ऋतूत धारेवर धरले. जानेवारी १९८७ मध्ये महासंचालक ॲलस्डेअर मिल्न यांना पद सोडावे लागले. म्हणजे ‘कॅज्युअल्टी’चे पहिले पर्व प्रक्षेपित होत असताना एक अडचणीतली सार्वजनिक संस्था दुसऱ्या अडचणीतल्या सार्वजनिक संस्थेची बाजू मांडत होती. या पर्वातील आस्थेचा आणि त्राग्याचा स्वर समजून घेताना हा संदर्भ दुर्लक्षून चालणार नाही.

३

पर्वाचे कथास्थळ म्हणजे होल्बी या काल्पनिक शहरातील रुग्णालयाचा अपघात विभाग. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांतही ‘कॅज्युअल्टी’ हाच शब्द रूढ असल्याने या स्थळाची वेगळी ओळख मराठी वाचकाला करून द्यावी लागत नाही. चित्रीकरण ब्रिस्टल येथे झाले, आणि तेथील रॉयल इन्फर्मरीतील चार्ज नर्स पीटर सॉल्ट यांच्याकडून लेखकांनी या जगाची माहिती मिळवली. चार्ली फेअरहेड हे मध्यवर्ती पात्र त्यांच्यावरूनच सुचले. निर्माते गेरेंट मॉरिस यांच्या पाठीशी पोलीस-मालिकांचा अनुभव होता. पाळी, संघ, वर्दी आणि हाताशी असलेली अपुरी साधने ही त्या प्रकारची परिचित सामग्री रुग्णालयात आणणे त्यांना अवघड गेले नसावे.

या पर्वाचा सर्वांत अर्थपूर्ण निर्णय म्हणजे रात्रपाळी. बाख्तिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर कथेचा कालावकाश येथे रात्रीने निश्चित केला आहे. रात्री इतर सर्व संस्था बंद असतात. शाळा, कचेरी, कल्याणकेंद्र यांची दारे लागलेली असतात आणि दिवसभरात कोणीही न सोडवलेला प्रश्न शेवटी जखमेच्या रूपाने अपघात विभागात येतो. मद्यपी, बेघर, मारहाण झालेली स्त्री, बेकार तरुण हे सगळे ‘रुग्ण’ या एकाच संज्ञेखाली दाखल होतात. पहिल्या ‘गॅस’ या भागात बंदरावरच्या कामगारांना विषारी वायूची बाधा होते. म्हणजे मालिकेचा पहिला मोठा ‘अपघात’ हा कामाच्या जागेवरचा अपघात आहे. व्यवस्थापक मंडळी मात्र दिवसाची माणसे. जे जागे असतात ते उपचार करतात आणि जे झोपलेले असतात ते निर्णय घेतात, असा एक विरोध केवळ वेळेच्या निवडीमुळे संहितेत रुजतो. त्यासाठी भाषणबाजी करावी लागत नाही.

दुसरा निर्णय कथनकेंद्राचा. ‘एंजल्स’ (१९७५–८३) या मालिकेने परिचारिकांना आधीच नायिकापद दिले होते. पण त्या बहुतांशी शिकाऊ मुली होत्या आणि कथा त्यांच्या घडण्याची होती. ‘कॅज्युअल्टी’त परिचारक-परिचारिका हे विभागाचे अनुभवी, निर्णय घेणारे मन आहे. डेरेक थॉम्प्सन यांचा चार्ली, कॅथरीन शिप्टन यांची डफी आणि ब्रेंडा फ्रिकर यांची मेगन यांच्या नजरेतून रुग्ण दिसतो. विभागप्रमुख डॉ. इवर्ट प्लिमर आहेत. परंतु त्यांची शक्ती रुग्णाइतकीच प्रशासनाशी झगडण्यात खर्ची पडते. ‘डॉक्टर’ या ज्ञानसत्तेच्या जागी ‘शुश्रूषा’ या श्रमाला आणणे ही केवळ पात्रयोजनेतील अदलाबदल नव्हती. १९८२चा वेतनलढा ज्यांनी लढवला होता, त्या वर्गाला येथे कथेचा आवाज मिळाला.

हे कर्मचारी आदर्श नाहीत. क्लाइव्ह किंगला दारूचे व्यसन आहे. डफीवर कामावर येताना लैंगिक अत्याचार होतो आणि शुश्रूषा करणारीच रुग्णाच्या जागी येते. कर्मचारी सिगारेटी ओढतात, थकतात, चिडतात. या चित्रणावर परिचारिकांच्या व्यावसायिक वर्तुळातून नाराजी व्यक्त झाली. सत्ताधारी पक्षालाही मालिकेत आपल्या धोरणाविरुद्धचा प्रचार दिसला. दोन्ही आक्षेपांचा उगम एकाच ठिकाणी आहे. एका पक्षाला व्यक्तीचे दोष संस्थेच्या प्रतिमेला बाधक वाटले, तर दुसऱ्याला त्या दोषांमागे संस्थेवरील ताण सूचित केलेला दिसला. वास्तववादी संहितेकडून व्यक्ती आणि परिस्थिती यांतील जो कार्यकारणसंबंध अपेक्षित असतो, तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्याचाच हा पुरावा म्हणावा लागेल.

पात्रयोजनेतील सामाजिक मिश्रणही लक्षणीय आहे. मेगन आयरिश, क्लाइव्ह कृष्णवर्णीय, वॉर्डबॉय कुबा पोलिश. स्थलांतरितांच्या श्रमावर ही सेवा उभी आहे, याचे भान त्यातून व्यक्त होते. मात्र या भानाला एक मर्यादा आहे. १९६०च्या दशकापासून भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी या सेवेतील कनिष्ठ पदे आणि वृद्धोपचार, मनोविकार यांसारख्या दुर्लक्षित शाखा सांभाळल्या. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून गेलेले मराठी डॉक्टरही त्यांत होते. पहिल्या पर्वाच्या मुख्य पात्रांत या वर्गाचा प्रतिनिधी नाही. जी मालिका संस्थेच्या उपेक्षितांची बाजू घेते, तिच्या संहितेतही एक मौन असते, आणि ते मौन कोणाविषयी आहे हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

४

पर्वाच्या शेवटच्या भागाचे शीर्षक ‘क्लोजर’ असे आहे. इंग्रजीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक प्रशासकीय : विभाग बंद करणे. दुसरा कथनमीमांसेतला : कथेतील ताण विरून तिला पूर्णत्व येणे, म्हणजे समापन. रात्रपाळीवरील बंदीची टांगती तलवार हा पर्वाचा अंतःस्थ धागा असल्याने पहिला अर्थ उघड आहे. दुसऱ्या अर्थाकडे लक्ष दिले, की या पर्वाचा मूलभूत पेच उमगतो.

कैफियतीच्या तर्काने पाहता या कथेचा शेवट एकच असू शकत होता. विभाग बंद व्हायला हवा होता. तसे झाले असते तर १५ भागांची ही संहिता एक पूर्ण शोकात्मिका ठरली असती आणि तिचा आरोप अखेरपर्यंत आरोपच राहिला असता. मालिकेचा तर्क मात्र वेगळा असतो. तिला पुढच्या शनिवारी, पुढच्या वर्षी परत यायचे असते. सप्टेंबर १९८७ मध्ये दुसरे पर्व सुरू झाले. स्वप्नाच्या चिंध्या झाल्याचे सांगणाऱ्या मालिकेला ते स्वप्न दर आठवड्याला जिवंत ठेवणे भाग पडले.

या तडजोडीचा परिणाम आशयावर झाला. संकट पुन्हा पुन्हा दाखवले की ते प्रसंग न राहता स्थिती बनते. खाटा अपुऱ्या आहेत, माणसे अपुरी आहेत आणि तरीही पाळी पार पडते, हे प्रेक्षकाने पाहिले की अपुरेपणाविषयीच्या रागापेक्षा पार पाडणाऱ्यांविषयीचे कौतुक वरचढ ठरते. कर्मचाऱ्यांची सोशिकता हा मूळ संहितेत व्यवस्थेविरुद्धचा पुरावा होता. आवर्तनात तीच सोशिकता व्यवस्थेचा आधार भासू लागते. म्हणजे ज्या आवर्तनाने मालिकेला आयुष्य दिले, त्यानेच तिच्या आरोपाला सौम्य केले.

हेच रूपांतर रचनेच्या पातळीवरही दाखवता येते. रुग्णाची ओळख रुग्णालयाबाहेर, त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी करून द्यायची आणि मग अपघात घडवायचा, ही रीत या मालिकेची ओळख ठरली. जखमेमागे सामाजिक कारण असते, हे दाखवण्याची ताकद या रीतीत होती. परंतु संकेत रूढ झाल्यावर प्रेक्षक कारण शोधण्याऐवजी बळी कोणाचा जाणार याचा अंदाज बांधू लागतो. शिडी दिसली की ती घसरणार, हे त्याला ठाऊक असते. कार्यकारणभावाची जागा उत्कंठेने घेतली, की सामाजिक प्रश्नाचे कोडे होते.

५

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. नंतरच्या पर्वांत रात्रपाळीची चौकट मागे पडली. १९९०च्या कायद्याने आरोग्यसेवेत अंतर्गत बाजारपेठ आणली. १९९९ साली ‘होल्बी सिटी’ ही उपमालिका सुरू झाली व २०२२ साली संपली. मालिकेचे चित्रीकरण २०११ साली ब्रिस्टलहून कार्डिफला हलले. मार्च २०२४ मध्ये डेरेक थॉम्प्सन यांनी चार्लीच्या भूमिकेतून निरोप घेतला. पहिल्या भागात प्रस्थापित सत्तेशी हुज्जत घालणारा हा परिचारक साडेसदतीस वर्षांनंतर स्वतःच एक संस्था बनून बाहेर पडला.

या प्रवासाला अधःपतन म्हणणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. लोकप्रिय रूपाला सामाजिक टीका पेलत नाही, असा निष्कर्ष पहिले पर्वच खोटा ठरवते. रात्रपाळीची निवड, परिचारिकेचा दृष्टिकोन आणि संस्थेलाच रुग्ण मानण्याची कल्पना या तिन्ही गोष्टी लोकप्रिय रूपाच्या आतूनच सिद्ध झाल्या होत्या. तसेच सौम्य झालेल्या मालिकेनेही एक काम केले. उपचारासाठी आलेल्याला ऐपत विचारायची नसते, ही धारणा तिने गृहीतक म्हणून कोट्यवधी घरांत तेवत ठेवली. आरोपाची धार गेली, पण ज्या मूल्याच्या बाजूने आरोप केला होता, ते मूल्य रोजच्या परिचयाचे राहिले.

त्यामुळे अशा मालिकांच्या अभ्यासात ‘पर्व’ हे एकक स्वतंत्रपणे हाती घेणे आवश्यक ठरते. प्रवाहाचा विचार माध्यमाची प्रकृती सांगतो, सुटा भाग तंत्राची ओळख देतो. इतिहासाशी भिडण्याचा संहितेचा क्षण मात्र पर्वात सापडतो. १९८६च्या त्या १५ भागांत एक कथा आपल्या अपेक्षित शेवटापर्यंत आली आणि तेथून मागे फिरली. त्या वळणावर तिने काय गमावले आणि काय राखले, याचा हिशेब मांडल्याशिवाय तिच्या दीर्घायुष्याचा अर्थ लागणार नाही.