तिमाही हिशेब आणि नवी लेखामानके

‘अंतरिम’ हा शब्द दिसण्यात संस्कृत असला तरी त्यामागे लॅटिन ‘इंटेरिम’, म्हणजे ‘दरम्यान’, उभा आहे. मराठीत त्यास ‘तात्पुरता’ अशी छटा चिकटली. अंतरिम हिशेबाचा इतिहास पाहता ती दिशाभूल करणारी ठरते.

मूळ वाद असा: तिमाही हा वर्षाचा अंश, की स्वतंत्र कालखंड? १९७३ साली अमेरिकेतील लेखातत्त्व मंडळाने २८व्या अभिमतात पहिला पक्ष स्वीकारला. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय लेखामानक ३४ चा कल दुसऱ्याकडे आहे. वर्षअखेरीस जो खर्च पुढे ढकलता येत नाही, तो तिमाहीअखेरही ढकलू नये. प्राप्तिकर मात्र संपूर्ण वर्षाच्या अपेक्षित सरासरी दरानेच धरावयाचा!

धोरणांविषयी याच मानकाचा दंडक असा की, गतवार्षिक पत्रकांतील धोरणेच तिमाहीत चालवावीत. परंतु येत्या वार्षिक पत्रकांत जी बदलणार, ती तिमाहीतच बदलावीत. या अपवादाचे मर्म भारतात २०१६ साली प्रत्ययास आले. १ एप्रिलपासून ५०० कोटी रुपये वा अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांस नवी भारतीय लेखामानके लागू झाली. त्यांचे प्रथम दर्शन वार्षिक अहवालात नव्हे, तर जून तिमाहीच्या निकालांत घडले. जून २०१५ च्या तिमाहीचे आकडे नव्या रीतीने मांडून जुन्या व नव्या नफ्याचा मेळही दाखवावा लागला. हे काम इतके अवघड होते की, ‘सेबी’ने १४ ऑगस्टची मुदत १४ सप्टेंबरपर्यंत वाढविली.