हुकमाचं हेल्मेट, हौसेचा चष्मा

आजचा विषय एका माजी फौजी माणसाच्या तोंडी जरा वेगळा वाटेल. डोक्यावर चढवायचे व्हर्च्युअल रिॲलिटीचे संच आणि समोरच्या खऱ्या दृश्यावर चित्रं, आकडे दाखवणारे ऑगमेंटेड रिॲलिटीचे चष्मे. दर काही वर्षांनी कुणीतरी मोठ्या व्यासपीठावरून जाहीर करतं की आता मोबाइलचे दिवस भरले. पैसा ओतला जातो, वर्तमानपत्रं रंगतात, आणि दोन दिवाळ्या होईपर्यंत ते यंत्र कपाटात जातं. नव्याचे नऊ दिवस! पण हे पुन्हा पुन्हा का होतं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. डोक्यावरचं ओझं माणूस तेव्हाच सहन करतो, जेव्हा त्याच्यामागे तितकंच वजनदार काम असतं. आता इतिहास बघू.

१८३८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी दाखवून दिलं की आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनांतून बघतात आणि मेंदू त्या दोन चित्रांवरून खोलीचा अंदाज घेतो. दोन डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रं धरा, सपाट कागदात खोली दिसू लागते. या यंत्राचं नाव स्टिरिओस्कोप. आजच्या लाखो रुपयांच्या संचांचा पायाही हाच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात डेव्हिड ब्रूस्टर यांच्या रचनेचा, भिंगांचा स्टिरिओस्कोप मांडला होता. तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि युरोपात त्याची लाटच आली. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा साधा, स्वस्त नमुना तयार केला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. कित्येक दशकं तो घराघरांतल्या दिवाणखान्यात टिकला.

तो का टिकला? लोक तो हातात धरायचे, दोन मिनिटं बघायचे आणि शेजारच्याला द्यायचे. आपल्या जत्रेतल्या बायस्कोपसारखंच. डोळा लावला, मजा घेतली, पुढच्याला जागा दिली. डोक्याला बांधून तासभर बसायची सक्ती नव्हती.

आता दुसरी गोष्ट. एडविन लिंक या अमेरिकी तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. तिथल्या भात्यांवर डोलणारं, वळणारं एक खोटं विमान त्याने १९२९ मध्ये तयार केलं. सुरुवातीला ते घेतलं ते करमणुकीच्या बागांनी. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागावर देशाची टपाल वाहण्याचं काम अचानक येऊन पडलं. हिवाळा, धुकं, आणि नुसत्या काट्यांकडे बघून विमान चालवायचा पुरेसा सराव नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशाच यंत्रांवर शिकले. बागेतलं खेळणं जीव वाचवणारं साधन झालं. यंत्र तेच होतं, फक्त त्याला काम मिळालं.

संगणकाचं चित्र डोळ्यांसमोर आणणारा पहिला डोक्यावरचा संच इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये केला. त्याची यंत्रणा इतकी जड होती की ती छताला टांगावी लागे. त्याला नावही पडलं 'डॅमोक्लिसची तलवार'. पुढे अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांच्या हेल्मेटमध्ये असेच पडदे बसवण्याचे प्रयोग केले. लढाऊ विमानांत ही कल्पना रुजली, कारण तिथे शत्रूवरची नजर हलवून खाली काट्यांकडे बघण्यात गेलेला एक सेकंदही महाग पडतो.

मग बाजाराला वाटलं, वैमानिकाला चालतं ते पोराटोरांनाही चालेल. १९९५ मध्ये निन्टेन्डो कंपनीने व्हर्च्युअल बॉय आणला. किंमत सुमारे १८० डॉलर, चित्र फक्त लाल आणि काळं, आणि टेबलावर ठेवलेल्या यंत्रात वाकून तोंड खुपसून खेळायचं. डोळ्यांना विश्रांती मिळावी म्हणून खेळ मधेमधे आपोआप थांबवायची सोय कंपनीनेच दिली होती. आठ लाखांच्या आतच विक्री आटोपली आणि वर्षभरात ते बंद झालं.

इथे थोडं शरीरशास्त्र. घाटात एसटीमध्ये पुस्तक वाचलं की मळमळतं, हे सगळ्यांनी अनुभवलं असेल. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला कळतं की आपण वळतोय, पण डोळे सांगतात की पान स्थिर आहे. व्हर्च्युअल रिॲलिटीत नेमकं उलटं होतं. डोळ्यांना वाटतं आपण पळतोय, कान म्हणतो तू खुर्चीत बसलायस. दुसरी अडचण नजरेची. खऱ्या जगात जवळची वस्तू बघताना दोन्ही बुबुळं आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही जवळच्या अंतरावर जुळतं. संचात बुबुळं वळतात, पण पडद्याचं अंतर ठरलेलं असल्यामुळे भिंगाला तिथेच थांबावं लागतं. डोळा शिणतो. तिसरी गोष्ट वजनाची. चेहऱ्यापुढे लटकलेलं वजन मान खाली ओढतं. रात्री दिसणारा गॉगल हेल्मेटला लावून गस्त घातलेल्या कुठल्याही जवानाला विचारा. म्हणून तर हेल्मेटच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा वजन बांधून तोल साधतात.

शरीराखेरीज समाजही आडवा येतो. गूगल ग्लास २०१३ मध्ये निवडक लोकांना १,५०० डॉलरला मिळू लागला. तो हलका होता, पण त्यात कॅमेरा होता. समोरचा माणूस आपलं चित्रण करतोय की काय, या शंकेने लोक बिथरले. काही उपाहारगृहांनी बंदी घातली, घालणाऱ्यांना शिवीवजा नाव पडलं. २०१५ च्या जानेवारीत ती विक्री थांबली. तोच चष्मा नंतर कारखान्यांसाठी आला, आणि ट्रॅक्टर जोडणाऱ्या कामगारांनी तो निमूटपणे वापरला. दोन्ही हात कामात गुंतलेले असताना सूचना डोळ्यांसमोर हव्या होत्या. पुन्हा तेच, काम!

तुम्ही म्हणाल, सगळा प्रश्न किमतीचा आहे. तसं असतं तर गूगलचं कार्डबोर्ड जगभर टिकलं असतं. पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं, आत आपलाच मोबाइल. २०१४ नंतर दीड कोटीच्या आसपास वाटले गेले, पण वापर आटत गेला आणि २०२१ मध्ये गूगलने ते विकणं बंद केलं. आपल्याकडेही २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओडाइव्ह १,२९९ रुपयांत आला होता. पण आपल्या घरात क्रिकेट चार माणसांत, आरडाओरडा करत बघतात. एकट्याचं तोंड झाकणारा पडदा तिथे कसा रुळणार?

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना सांगतो. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी लष्कराने मायक्रोसॉफ्टशी करार केला. होलोलेन्स चष्म्यावर बेतलेला सैनिकी गॉगल, नाव आयव्हास, दहा वर्षांत खर्च सुमारे २२ अब्ज डॉलरपर्यंत. नकाशा, साथीदारांची ठिकाणं, रात्रीचं दृश्य, सगळं डोळ्यांसमोर. म्हणजे इथे काम होतं आणि हुकूमही होता. तरीही २०२२ च्या मैदानी चाचणीत बहुसंख्य सैनिकांनी निदान एक तरी त्रास नोंदवला. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण, मान अवघडणं. त्रास झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना तो तीन तासांच्या आत झाला. तिथल्या संसदेने ६,९०० संचांसाठी मागितलेले ४० कोटी डॉलर नाकारले आणि सुधारणेसाठी फक्त ४ कोटी दिले. २०२५ मध्ये हे काम अँडुरिल कंपनीकडे गेलं. तिच्या संस्थापकांत पामर लकी आहेत, ज्यांनी २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्टचा गाजावाजा सुरू केला होता.

सैनिकाला हुकूम देता येतो. त्याच्या कानाला आणि मानेला देता येत नाही. मला त्या सैनिकांचं कौतुक वाटतं, कारण कुठल्याही फौजेत नवं साहित्य आलं की वरिष्ठांसमोर 'ठीक आहे साहेब' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. त्यांनी खरं सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. रात्रीच्या गस्तीत मळमळणारा जवान फक्त स्वतःला नाही, अख्ख्या तुकडीला धोक्यात घालतो. प्रात्यक्षिकाला भुलून केलेल्या खरेदीची किंमत शेवटी तोच चुकवतो.

घरच्या गिऱ्हाइकाला अहवाल लिहावा लागत नाही. तो संच कपाटात ठेवतो, एवढंच. मेटा कंपनीच्या या विभागाला २०२३ या एका वर्षात सुमारे १६ अब्ज डॉलरचा तोटा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो आला. चित्र अप्रतिम, पण वजन ६०० ग्रॅमच्या वर, बॅटरी वेगळी खिशात, तीही दोनेक तासांची. किंमत ३,४९९ डॉलर. आठवला तो आकडा? डॉलरचं मोल तेव्हा फार जास्त होतं. तरी लिंकच्या गिऱ्हाइकाला आपण पैसे कशासाठी मोजतोय ते ठाऊक होतं.

उलट मेटा आणि रे-बॅन यांचा २०२३ चा चष्मा वीस लाखांवर खपला. त्यात पडदाच नव्हता. साध्या चष्म्यात कॅमेरा, माइक आणि स्पीकर. ओझं उतरवलं, तेव्हा माल उचलला गेला.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या नातवाच्या शाळेत, तुमच्या कारखान्यात किंवा घरात असा संच विकायला कुणी आलं, तर पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकावर जाऊ नका. ज्याला तो रोज घालायचा आहे, त्याच्या डोक्यावर तीन तास ठेवा. मग त्याला विचारा, याने तुझं कुठलं काम सोपं झालं? उत्तर देताना तो अडखळला, तर पैसे खिशातच राहू द्या.

जय हिंद.