पिवळा रंग कुणाचा? पीतांबर, भंडारा आणि जालन्याची गोष्ट

१/ सणासुदीला पुरुषाने पिवळे वस्त्र ल्यावे, हा संकेत आज इतका रुळला आहे की हळदीच्या मांडवात पिवळा कुडता न घातलेला करवला शोधावा लागतो. पण हा पिवळा आला कोठून? तो देवाचा, राजाचा, नवरदेवाचा, की खंडोबाच्या भंडाऱ्याचा? हे उत्तर शोधायला जालना जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. कारण हे चारही पिवळे येथे एकमेकांच्या शेजारी नांदले. #थ्रेड

२/ आरंभ शब्दापासून करू. संस्कृत व्याकरणात रंगवलेल्या वस्त्राला रंगद्रव्यावरून नाव देण्याची स्वतंत्र सोय आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात हा विषय येतो: लाखेने रंगवलेले ते 'लाक्षिक', गोरोचनाने रंगवलेले ते 'रौचनिक'. कात्यायनाने त्यात भर घातली: हळदीने रंगवलेले 'हारिद्र' आणि करडईच्या फुलांनी रंगवलेले 'माहारजन'. या शब्दांसाठी वैयाकरणाला वेगळी तरतूद करावी लागली, यावरून अशी वस्त्रे लोकांच्या बोलण्यात किती नित्याची होती ते कळते.

३/ हळद हा रंगाऱ्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत बेभरवशाचा सोबती. तिच्यातील कर्क्युमिन हे द्रव्य सुती कापडाला थेट धरते. तुरटीचा किंवा दुसऱ्या क्षाराचा आधारही फारसा लागत नाही. मात्र उन्हात ते झपाट्याने विटते, आणि साबणाचा किंवा चुन्याचा स्पर्श होताच तांबडे होते. याच गुणामुळे हळदीपासून कुंकू करता येते. म्हणजे हळदीचा पिवळा टिकण्यासाठी नव्हेच. तो एका दिवसाचा, एका विधीचा रंग आहे.

४/ दुसरे द्रव्य करडई, संस्कृतात कुसुंभ. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला पिकणारी हीच ती काटेरी करडई. तिच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सहज विरघळतो, तांबडा विरघळत नाही. रंगारी पाकळ्या धुऊन धुऊन पिवळा वाहू देत आणि मागे उरलेला मौल्यवान कुसुंबी जपून ठेवत. लक्षात घ्या, एकाच फुलातला तांबडा श्रीमंतांचा झाला आणि पिवळा ओघळून गेला. पळसाची फुले आणि डाळिंबाची साल हे पिवळ्याचे आणखी दोन उगमही आपल्याच परिसरातले.

५/ आता भूगोल. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ च्या सुमारास येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ पैठण आणि तेर या दोन नगरांची नावे घेतो, आणि तेरहून साधे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, हेही नोंदवतो. वस्त्रव्यापाराच्या या जाळ्यात भोकरदन वसले होते.

६/ मध्ययुगात जालना ही दख्खनची भरभराटीची पेठ. 'जालना सोने का पालना' ही म्हण आजही जुन्या मंडळींच्या तोंडी आहे. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ही मोगली पेठ लुटली, ती तिच्या याच संपत्तीमुळे. व्यापारी जेथे श्रीमंत, तेथे रेशीम आणि जर यांना गिऱ्हाईक असणारच.

७/ या श्रीमंतीतला पिवळा म्हणजे पीतांबर. पीत म्हणजे पिवळे, अंबर म्हणजे वस्त्र. विष्णूचे, कृष्णाचे, विठ्ठलाचे हे वस्त्र मराठी घरात पुरुषाचे पूजेचे रेशमी धोतर झाले. गंमत अशी की पुढे या शब्दाने आपला रंगच सोडला. लोक 'जांभळा पीतांबर' आणि 'डाळिंबी पीतांबर'ही बिनदिक्कत म्हणू लागले! पिवळेपणा मागे पडला, रेशीमपणा उरला.

८/ रेशीमच का? कारण सोवळे. सुती धोतर सोवळ्यात वापरायचे तर ते रोज धुवावे, कुणाचा स्पर्श होणार नाही असे उंच वाळत घालावे. रेशमाला विटाळ लवकर बाधत नाही, अशी समजूत होती. म्हणून मुकटा, कद, पीतांबर ही पूजेची आणि पंगतीची वस्त्रे ठरली. या वस्त्रांना किंमत होती, आणि उंबरठाही होता. सोवळे नेसून गाभाऱ्यात कोण जाणार आणि बाहेर कोण उभे राहणार, हे जात ठरवत असे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, हे विसरून चालणार नाही. पीतांबर देवाचा खरा. परंतु त्याच्या जवळ जाण्याचा अधिकार सर्वांचा नव्हता.

९/ हे रेशीम विणले जाई ते पैठण आणि येवल्यासारख्या गावी. पैठण तर अंबड तालुक्याच्या शेजारचे, गोदाकाठचे. पैठणी आज स्त्रियांची म्हणून प्रसिद्ध असली, तरी पैठणच्या मागांवर पुरुषांसाठीही शेले आणि दुपेटे निघत. थोरल्या माधवराव पेशव्यांनी लाल, हिरव्या, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांचे असावली दुपेटे मागवल्याचा उल्लेख प्रसिद्ध आहे. या यादीत केशरी आहे, निव्वळ पिवळा नाही. दरबारी पुरुषाचा सण बहुरंगी होता. पिवळ्याची सक्ती तेथे दिसत नाही.

१०/ रेशमाचा आणखी एक नियम याच भागात पाळला जाई. इस्लामी धर्मशास्त्र पुरुषाला निव्वळ रेशीम वर्ज्य मानते. त्यावर विणकरांनी उपाय शोधला: अंगाकडच्या बाजूला सूत, बाहेर रेशीम. हे कापड 'मशरू', म्हणजे 'शास्त्राला मान्य'. औरंगाबादचा सूत-रेशमी हिमरू त्याचाच भाईबंद. त्याच्या शेरवान्या हैदराबादी उमरावांच्या अंगावर शोभत. एका घरात रेशीम अधिक पवित्र, शेजारच्या घरात रेशमाला मर्यादा. आणि दोन्ही घरांची हौस पुरवणारे माग एकाच परिसरातले. आपल्या सामाजिक इतिहासाचे एवढे बोलके उदाहरण दुसरे शोधूनही मिळणार नाही.

११/ आता राजाचा पिवळा. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि आसफजाही राज्याचा पाया घातला. हे रणांगण आज बुलढाणा जिल्ह्यात, जालन्याच्या शेजारी आहे. या घराण्याचा ध्वज पिवळा, त्यावर पांढरे वर्तुळ. आख्यायिका अशी: औरंगाबादच्या सूफी संत निजामुद्दीन यांनी भावी निजामाला पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे खाऊ घातले. त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्यांचे राज्य लाभले. ध्वजाचा पिवळा म्हणजे ते फडके, वर्तुळ म्हणजे तो कुलचा. कथा खरी मानायची की नाही, हा प्रश्न निराळा. राज्याने ती आपली म्हणून मिरवली, हे महत्त्वाचे.

१२/ दोन शतकांहून अधिक काळ, मधले मराठी अंमलाचे कालखंड सोडले तर, जालना या पिवळ्या निशाणाखाली राहिला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी दिवस पाळला. त्या वर्षभरात संस्थानात तिरंगा फडकवणे म्हणजे तुरुंगाला, प्रसंगी मृत्यूला आमंत्रण होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि ते निशाण उतरले. घरी पूजेला पिवळा नेसणारा माणूस बाहेर पिवळ्या निशाणाविरुद्ध लढत होता, आणि यात त्याला कोणतीही विसंगती वाटत नव्हती. रंग एकच असला तरी अर्थ माणसे ठरवतात.

१३/ तिसरा पिवळा खंडोबाचा. भंडारा म्हणजे हळदीची पूड. चंपाषष्ठीला, सोमवती अमावास्येला ती मुठीमुठीने उधळली जाते. आणि ज्याच्यावर पडते तो धनगर असो, मराठा असो, ब्राह्मण असो वा अन्य कुणी, तेवढ्यापुरता सारख्याच रंगाचा होतो. खंडोबा ही मुस्लिमांचाही राबता असलेली देवता. मल्लूखान हे त्याचे एक नाव. येथे वस्त्र विकत घ्यावे लागत नाही. अंगातला पांढरा सदराच भंडाऱ्याने पिवळा होतो. पीतांबराला उंबरठा होता, भंडाऱ्याला तो नाही.

१४/ होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि जेजुरीच्या गडाच्या बांधकामात त्यांचा मोठा वाटा. जालना जिल्ह्यात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा. आज त्यांच्या जयंतीला पिवळे फेटे आणि पिवळी निशाणे घेऊन निघणारी तरुण मंडळी पाहिली की भंडाऱ्याचा रंग फेट्यावर कसा चढला ते ध्यानात येते.

१५/ चौथा पिवळा नवरदेवाचा. लग्नाआधी वराला हळद लागते, त्याची उष्टी हळद वधूकडे जाते. वधूची पिवळी अष्टपुत्री प्रसिद्ध आहे. वराचे वस्त्र मात्र पुष्कळदा साधे पांढरेच, हळदीच्या बोटांनी पिवळे झालेले. नव्या कपड्याच्या टोकाला हळद-कुंकू लावल्याशिवाय तो अंगात घालायचा नाही, ही रीत तुमच्याही घरी असेल. कपडा कोणत्याही रंगाचा असो, हळदीचे एक बोट त्याला शुभ करते. पुरुषाच्या सणाच्या वेषातील पिवळ्याचे मूळ बहुधा या एका बोटात आहे.

१६/ येथे जालन्याची सर्वांत प्रसिद्ध कथा आठवते. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ च्या रामनवमीला नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजे समर्थ रामदास, जन्मले. परंपरा सांगते की बारा वर्षांच्या या मुलाला बोहल्यावर उभे केले, 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि तो मांडवातून निघून गेला. हळदीचा रंग त्याने मागे टाकला आणि पुढे विरक्ताचा रंग स्वीकारला. समर्थ संप्रदायातील हुर्मुजी वस्त्राचे नाव इराणच्या आखातातील होर्मुझ बेटावरच्या तांबड्या मातीवरून आले आहे.

१७/ या कथेत पिवळा आणि भगवा यांतला भेद दडला आहे. पिवळा वनस्पतीचा, तो विटतो. म्हणून संसाराचा, सणाचा, क्षणाचा. भगवा गेरूचा, मातीचा. माती उन्हाने विटत नाही, म्हणून तो संन्याशाला शोभला. हा माझा अर्थ आहे, शास्त्रवचन नव्हे. पण जवळच्या अजिंठ्याच्या भिंतींकडे पाहा: तेथील पिवळा हळदीचा नसून पिवळ्या मातीचा आहे, आणि म्हणूनच दीड हजार वर्षे टिकून राहिला.

१८/ मग पिवळा सर्वांना परवडू कधी लागला? १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनने पहिला यशस्वी कृत्रिम रंग शोधला आणि काही दशकांत रासायनिक रंगांच्या पुड्या भारतीय बाजारांत आल्या. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने जालना बाहेरच्या जगाशी जोडला. कापूस बाहेर जाऊ लागला, गिरणीचा माल आत येऊ लागला. न विटणारा पिवळा आता रंगाऱ्याच्या कौशल्यावर किंवा रेशमाच्या किमतीवर अवलंबून राहिला नाही. रंगाची लोकशाही झाली, ती अशी. तिची किंमत गावोगावच्या रंगाऱ्यांनी मोजली.

१९/ आणि पिवळा कुडता? मराठवाड्यातील शेतकऱ्याचा जुना वेष म्हणजे धोतर, बंडी किंवा बाराबंदी, उपरणे आणि डोक्याला रुमाल वा फेटा, बहुतेक पांढराच. रंग असे तो डोक्यावर आणि खांद्यावर. नखशिखांत पिवळा कुडता-पायजमा ही अगदी अलीकडची, चित्रपट आणि छायाचित्रांच्या काळातली हौस. ती वाईट नाही. फक्त तिला 'प्राचीन परंपरा' म्हणताना थोडे थांबावे.

२०/ तर मग निवड कशी करावी? पूजेला बसणार असाल तर सोनसळी पीतांबर आणि पांढरे उपरणे ही जुनी, शांत जोडी. राजूरच्या गणपतीला किंवा जांबच्या रामनवमीला जाताना पांढऱ्या वेषावर केतकी रंगाचे उपरणे पुरेसे. चंपाषष्ठीला मात्र पांढरा सुती सदराच घाला. पिवळा करण्याचे काम भंडारा करील. घरी हळदीत रंगवलेले वस्त्र असेल तर ते साबण न लावता साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. आणि तरीही ते विटले, तर हळहळू नका. विटणे हा त्याचा स्वभाव आहे.

२१/ आज रंग समाजासमाजांत वाटून घेतले जात आहेत: हा आमचा, तो तुमचा. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्याचा त्याआधीचा सारा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. येथे पिवळा विठ्ठलाच्या कमरेला होता, निजामाच्या निशाणावर होता, खंडोबाच्या गडावर होता आणि गरिबाच्या लेकाच्या हळदीतही होता. महागडा पिवळा विणावा लागे आणि तो माणसे निवडी. स्वस्त पिवळा उधळला जाई आणि तो कुणालाच वगळत नसे. पुढच्या सणाला पिवळे ल्याल तेव्हा या दोहोंपैकी कोणता पिवळा आपण अंगावर घेत आहोत, एवढे मनाशी विचारा.

२२/ तुमच्या घरच्या पेटीत आजोबा-पणजोबांचा पीतांबर, मुकटा किंवा शेला असेल तर त्याचा रंग, त्याचे गाव आणि तो कोणत्या प्रसंगी नेसत हे खाली अवश्य लिहा. ग्रंथांत न आलेला वस्त्रांचा इतिहास अशाच पेट्यांत घडी घालून ठेवलेला असतो. (समाप्त)