काळ्या दगडाआधीचे जीव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अम्मीने आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलं. लातूरमधलं आमचं घर टिकलं, किल्लारी गेली. पायाखालच्या जमिनीत आहे तरी काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा आपला काळा दगड ३३८ मीटर जाड निघाला. खाली थोडा गाळ, मग ग्रॅनाईट. नांदेडकडे, देगलूर-बिलोलीला, ग्रॅनाईट उघडाच दिसतो.

हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच सुमारास डायनासोर संपले. शार्क, म्हणजे कोकणातली मुशी, तेव्हाच पस्तीस कोटी वर्षांहून जुने. समुद्री कासवंही कोट्यवधी वर्षं पोहत होती. दोघंही तगले. मुंबईत तर लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातलं कासव सापडलं. कार्टर यांनी १८५२ मध्येच त्याची नोंद केली.

वेळासला लेकीबरोबर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे सरकताना पाहिली. एक पिल्लू तुटक्या जाळ्याच्या तुकड्यात अडकलं. तिथल्या कार्यकर्त्याने ते अलगद सोडवलं. लेक म्हणाली, "अब्बा, लाव्ह्यातून वाचले आणि यात अडकले?"