डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजचा मालक

टॉर्चमधला संपलेला सेल फोडला की बोटांना काळी भुकटी चिकटते. तिच्यात मँगनीज डायऑक्साइड असते, आणि बॅटरीच्या कामाचे असे मँगनीज देणारी नावाजलेली खाण म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्ग. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोबरवाही मागे पडले की तिचे स्टेशन येते. ही उघडी खाण. चिखल्याच्या खाणीत मात्र जमिनीखाली उतरावे लागते.

या भागातल्या काळ्या दगडाचा पहिला मोठा धनी विलायती. १८९६ साली मध्य प्रांतात खनिज शोधायला एक सिंडिकेट निघाले आणि पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. पोलादाला मँगनीज लागतेच. १९०५ च्या धामधुमीत रशियाचा माल अडला तेव्हा मध्य प्रांतातल्या खाणवाल्यांची चांदी झाली. दगड फोडायचे, हाताने निवडायचे, हे काम बायामाणसांच्या हातोडीवर चाले. नफ्याचा हिशेब साहेबाच्या देशात होई.

इंग्रज गेले तरी कंपनी राहिली. १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ उभी राहिली, मुख्यालय नागपूर. राष्ट्रीयीकरण म्हटले की १९६९ चा बँकांचा अध्यादेश आठवतो, रातोरात निघालेला. इथे तसे काही झाले नाही. करार झाला: ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांकडे, ४९ टक्के जुन्या कंपनीकडे. सरकार मालक आणि साहेब भागीदार, असा संसार पंधरा वर्षे चालला. उरलेला भाग सरकारने घेतला तो १९७७ मध्ये. सार्वजनिक मालकीच्या भाषणांत हा घासाघिशीचा काळ कोणी सांगत नाही. मला तोच सर्वांत बोलका वाटतो.

शंभर टक्के सरकारी मालकी तेहतीस वर्षे टिकली. २०१० च्या डिसेंबरात २० टक्के भाग शेअर बाजारात विकले गेले: केंद्राचे दहा, दोन्ही राज्यांचे पाच-पाच. शेअरचा भाव ३७५ रुपये, आणि मागणी पन्नास पटींहून जास्त. ‘मॉईल’ हे कंपनीचे बोलण्यातले नाव त्याच वर्षी कागदोपत्री आले.

या साऱ्या वाटणीत गाव कुठेच नाही. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या पट्ट्यांवरच्या रॉयल्टीमागे आणखी ३० टक्के रक्कम त्यात जमा होते आणि खाणबाधित गावांच्या कामांना जाते. पैसा आहे, पण तो मालकाचा वाटा नव्हे.

याच जिल्ह्यात वाटणीची दुसरी रीतही आहे. मालगुजारी गेल्यावर मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, पण मासेमारीचा ठेका ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे आला. संस्था नेहमीच सुखात असतात असे नाही. गाळ, बेशरमची झुडपे, ठेक्याची रक्कम, आपसातली भांडणे, सगळे आहे. तरी वर्षाच्या सभेत जाळे टाकणारा सभासद उभा राहून अध्यक्षाला हिशेब विचारू शकतो. डोंगरी बुजुर्गच्या माणसाला मॉईलच्या वार्षिक सभेत तोच प्रश्न विचारायचा असेल, तर आधी डीमॅट खाते उघडून एक शेअर विकत घ्यावा लागतो.